आधी एसएमपीएस, मग रंगीत दिवे

वाचकांचे प्रश्न : कमी पैशांतला गेमिंग कॉम्प्युटर

खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची मर्यादा ३० ते ४५ हजारांची आहे. सुट्या भागांचे भाव आठवड्याला हलतात आणि रॅमचे तर २०२५च्या अखेरीपासून चांगलेच चढले आहेत. म्हणून इथे भाव न देता काय घ्यायचं आणि का, एवढंच सांगितलं आहे.

मी बारावीला आहे. पप्पांनी ४० हजार कबूल केलेत. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस मामांकडून मिळालाय. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय, पुढे नवे गेमही. रायझन ५ ५६००जी घेऊ, की आय३-१२१००एफ आणि त्याच्यासोबत जमेल ते ग्राफिक्स कार्ड?
– एक विद्यार्थी, अमळनेर

‘जमेल ते कार्ड’ हे मनातून काढून टाक, मग निर्णय सोपा होतो. १२१००एफमधल्या ‘एफ’चा अर्थ त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार. म्हणजे कार्ड आजच घेणं भाग, आणि बाकी सगळं घेऊन उरलेल्या पैशांत जे नवं कार्ड येतं ते जीटी ७३०च्या जातीचं. हे कार्ड पडद्यावर चित्र दाखवण्यापुरतं आहे, खेळण्यासाठी नाही. ५६००जीच्या पोटातलं वेगा ७ ग्राफिक्स त्याच्यापेक्षा वेगवान आहे. ते घे.

त्यावर व्हॅलोरंट १०८०पीला कमी सेटिंगवर आरामात चालेल. जीटीए ५ नॉर्मल सेटिंगवर खेळता येईल. गेल्या दोन-तीन वर्षांतले मोठे गेम मात्र ७२०पीवर आणावे लागतील आणि काही तर चालणारच नाहीत. हे आधीच माहीत असू दे.

५६००जीसोबत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते रॅममध्ये. १६ जीबीची एकच पट्टी घेऊ नकोस, ८-८च्या दोन घे. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. डीडीआर४ ३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ५१.२. एका पट्टीवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं एकाच नळावर पाणी भरतात, आणि फ्रेम लगेच गळतात. दुकानदार म्हणेल, ‘एक लावून घे, दुसरी नंतर टाकू.’ त्याला तिथेच थांबव. पट्ट्या लावल्यावर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू कर. बोर्डाप्रमाणे त्याला डीओसीपी असंही नाव असतं. ते केलं नाही तर ३२००ची रॅम २४०० किंवा २६६६वरच पळते, आणि पुष्कळ घरांत ती वर्षानुवर्षं तशीच पळत असते.

मदरबोर्ड ए५२० चालेल. बी४५०चा जुना माल मिळाला तर ५६००जी ओळखण्याइतकं बायोस नवं आहे का ते दुकानातच चालू करून पाहा, घरी आणल्यावर ते अपडेट करायला दुसरा जुना प्रोसेसर कुठून आणणार? एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) आणि शक्यतो १ टीबीची. एकट्या जीटीए ५लाच १०० जीबीच्या वर जागा लागते, आणि गळ्यापर्यंत भरलेली स्वस्त एसएसडी मंदावते.

पुढे कार्ड घेशील तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेव. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या रस्त्याला पीसीआयई म्हणतात, आणि ५६००जी त्याच्या ३.० पिढीचा आहे. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी कार्डं फक्त ४ लेनवर चालतात. पीसीआयई ४.०वर ते निभतं, ३.०वर तो रस्ता निम्म्याने अरुंद होतो आणि गेम अडखळतो. आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं कार्ड ८ लेन वापरतं, ते तुझ्या मशीनवर व्यवस्थित बसेल. आणि कार्ड दोन-तीन महिन्यांतच येणार असेल, पैसे कुठून येणार तेही ठरलेलं असेल, तर ५६००जीऐवजी साधा ५६०० घे. त्यात ग्राफिक्स नाही, पण कॅशे (प्रोसेसरच्या आतली मेमरी) दुप्पट, ३२ एमबी, आणि पीसीआयई ४.०. ए५२० किंवा बी४५० बोर्डावर मात्र ३.०च मिळतं. मामांकडे एखादं जुनं कार्ड पडलेलं असेल तर तोवर ते उसनं आण.

दुकानातून मिळालेलं कोटेशन सोबत पाठवतोय : आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट ४ फॅनसह. एकूण ३२ हजार. घ्यावं का?
– एक वाचक, चोपडा

या कागदावर पूर्ण माहिती असलेली एकच वस्तू आहे : चार फॅन.

‘आय५’ म्हणजे कितव्या पिढीचा? पूर्ण क्रमांक लिहून मागा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे काढलेले आय५ आणि एच६१चे नव्याने बनवलेले बोर्ड एकत्र करून ‘गेमिंग पीसी’ म्हणून आजही विकले जातात. बोर्ड नवाकोरा दिसतो, डबाही चकचकीत असतो, आत मात्र २०११-१२चा प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम. या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ नावाचा आज्ञासंच नाही, त्यामुळे काही नवे गेम उघडतच नाहीत. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी मागतं, आणि ते या बोर्डांवर मिळत नाही.

‘१६ जीबी’ डीडीआर कितीची, पट्ट्या किती, वेग किती? ‘५१२ एसएसडी’ साटा की एनव्हीएमई, आणि कंपनी कोणती? ‘२ जीबी कार्ड’ या शब्दांना तर काहीच अर्थ नाही. चिप कोणती ते विचारा. मेमरीच्या आकड्यावरून कार्ड निवडणं म्हणजे टाकीच्या आकारावरून मोटारीची ताकद ठरवणं. एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज देणारा डबा, त्याच्या ‘५०० वॉट’विषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

दुकानदाराला राग येऊ न देता हे करता येतं. कोऱ्या कागदावर सात ओळी काढा : प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. प्रत्येकापुढे कंपनी, पूर्ण मॉडेल क्रमांक, वॉरंटीची वर्षं आणि जीएसटीसकट भाव भरून मागा. १८ टक्के जीएसटी नंतर वर चढवला की ३२चे जवळपास ३८ होतात. प्रोसेसर डब्यातला की ट्रेमधला तेही विचारा. ट्रेवाल्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते आणि सोबत कूलर येत नाही. हाच कागद घेऊन जळगावला गोलाणी मार्केटात दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी फिरा. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवाच. ‘असेंबल्ड पीसी – १ नग’ असं बिल घेतलं तर एसएमपीएस गेल्यावर वॉरंटी कशाची मागणार?

आताचं कोटेशन परत करा.

आम्ही यावल तालुक्यात मळ्यात राहतो. मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७०-१८०वर येतं. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, पण लाईट गेली की गेम चालू असताना पीसी तरीही बंद पडतो. कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या येतात. एसएमपीएस बदलू का?
– एक केळी उत्पादक, यावल

तुमच्याकडे तीन वेगळे दोष आहेत, त्यामुळे एक एक घेऊ.

पहिला व्होल्टेजचा. एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचा. इनपुटपुढे १००-२४० लिहिलं असेल तर १७०वर तो कुरकुर न करता चालतो, फक्त करंट थोडा जास्त ओढतो. २००-२४० लिहिलं असेल तर १७०ला तो बंद पडणारच, आणि वॉट वाढवून उपयोग नाही. स्वस्त मॉडेलांत हा दुसरा प्रकार बराच असतो. तुमच्याकडे पहिलाच हवा.

त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या खाली अँपिअरचा आकडा असतो, तो १२ने गुणा. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॉट, म्हणजे ‘४५० वॉट’ हे नाव खरं आहे. बिननावाच्या ‘५०० वॉट’वर कधी १६ अँपिअरच सापडतात : १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचे आकडे बेरीज फुगवायला असतात. आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॉटचं. प्रोसेसरचे ९० आणि इतर ४०-५० धरले तर २७०च्या आसपास. चांगला ४५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस पुरतो, पुढे वाढवायचं असेल तर ५५०चा घ्या. पैसे कमी पडत असतील तर कॅबिनेट साधं घ्या, कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण इथे हात आखडू नका. दुसरा भाग बिघडला तर तो एकटा जातो, हलका एसएमपीएस जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो. आणि साटाच्या पिनेवरून कार्डाला वीज देणारं कन्व्हर्टर कधीच लावू नका. साटाची पिन १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतच झेपते, ८ पिनवालं कार्ड तिथून १५० मागू शकतं, आणि प्लास्टिक वितळतं.

दुसरा यूपीएसचा. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट, आणि तेही बॅटरी ताजी असताना. साधे यूपीएस बॅटरीवर पायऱ्यांची वेव्ह देतात, अॅक्टिव्ह पीएफसीच्या (वीज नीट ओढणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसशी तिचं प्रत्येक वेळी जमत नाही. भार कमी असताना चालून जातं, गेमचा भार असताना बदलाच्या क्षणी यूपीएस ट्रिप होतो. खात्री करायची तर गेम बंद करून, नुसत्या डेस्कटॉपवर असताना यूपीएसचा प्लग काढा. तेव्हा मशीन टिकलं तर हेच कारण. तेव्हाही बंद पडलं तर आधी बॅटरी तपासा, आपल्याकडच्या उन्हात ती दोन वर्षांत थकते. उपाय १००० व्हीएचा किंवा साइन वेव्हचा यूपीएस. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर टाकून बघा, वेगळा खर्च वाचेल. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावू नका.

तिसरा मुंग्यांचा, आणि हा आधी दुरुस्त करा. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले दोन बारीक कपॅसिटर असतात. त्यांतून होणारी थोडी गळती अर्थिंगने जमिनीत जायला हवी. अर्थिंग नसेल तर पत्रा दोन्हींच्या मध्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, पण चालू मशीनला एचडीएमआयची वायर लावताना ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतं. एसएमपीएस बदलून मुंग्या थांबणार नाहीत. वायरमनला सॉकेटवर मीटर लावायला सांगा : फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळपास सारखे, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर अर्थिंगचा खड्डा नव्याने करा किंवा सुटलेली वायर शोधा. न्यूट्रलला अर्थ जोडून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. न्यूट्रल तुटला तर सगळा पत्रा जिवंत होईल.

मळ्यावर न्यूट्रल तुटून ४००च्या जवळ व्होल्टेज चढण्याचा धोका असतो. त्यापुढे साधा स्पाइक गार्ड टिकत नाही. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, टीव्ही-फ्रिजही वाचतील.

डिसेंबरात प्रोसेसर ७५ अंशावर असायचा, मे महिन्यात ९३ दाखवतो आणि गेम अडकतो. लिक्विड कूलर घेऊ का?
– भुसावळ

आत्ता नको. खोली एक अंशाने तापली की चिपही साधारण एक अंशाने तापते. खोली २५ची ४३ झाली तर ७५चे ९३ होणारच, यात बिघाड काही नाही. ९५च्या जवळ पोहोचला की रायझन प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, तेच अडखळणं तुम्हाला जाणवतं. लिक्विड कूलरही त्याच ४३ अंशांच्या हवेने थंड होतो.

आधी फुकटचे उपाय. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून अर्धा तास खेळा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं तर हवा कोंडते आहे : समोर काच असलेलं कॅबिनेट बदलून जाळीचं घ्या, पुढे दोन फॅन आत हवा ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा. उतरलं नाही तर कूलर काढून थर्मल पेस्ट नवी लावा, मटाराच्या दाण्याएवढी. मग गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरइतकी घाला. ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी १८० फ्रेम काढणं म्हणजे नुसती उष्णता.

घरात कापूस भरून ठेवला असेल तर त्याचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसतात. बाहेरून फॅन स्वच्छ दिसतो, पण फॅन काढला की खाली करड्या रंगाची घोंगडी निघते. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, मोकळा गरगर फिरू दिला तर बेअरिंग जातं. वाळ्याचा कूलर खोलीत चालू द्या, फक्त झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या क्षारी पाण्याचे तुषार बोर्डावर सुकले की पांढरा थर धरतो.

जुनं कार्ड घेणं सुरक्षित आहे का? आरएक्स ५८० आणि जीटीएक्स १०६० स्वस्तात मिळताहेत.
– धुळे

पाहून घेतलं तर घेता येतं. आरएक्स ५८०मध्ये ‘२०४८एसपी’ नावाचा एक प्रकार आहे. खऱ्या ५८०मध्ये २३०४ कोअर असतात, त्यात २०४८. भाव सारखाच सांगतात, म्हणून पाटी नीट वाचा. शिवाय हे कार्ड १८५ वॉट खातं, तुमचा एसएमपीएस आधी बघा. १०६० आणि तिच्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले. पुढची तीन वर्षं फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. त्यापेक्षा १६५० किंवा १६६० सुपर बघा.

कार्ड हातात घेऊन नाही, मशीनमध्ये लावूनच घ्यायचं. कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असेल तर बहुतेक वेळा तो नावापुढे ‘फेक’ लिहून दाखवतो. मग कार्डावर पूर्ण भार टाकणारा फरमार्क १५ मिनिटं चालवा : पडद्यावर ठिपके, चौकोन किंवा रंगीत रेघा आल्या तर कार्डाची मेमरी खराब होत आली आहे. सगळे फॅन फिरतात का, प्रत्येक डिस्प्ले पोर्ट चालतो का, स्क्रूवरचं सील कुठे उघडलंय का ते बघा. क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे फॅन आणि पेस्ट बदलण्याचा खर्च भावात धरून बोला. ‘ओव्हनमध्ये भाजून’ चालू केलेली कार्डं महिना-दोन महिन्यांत परत बसतात. मागच्या बाजूला फ्लक्सचे (सोल्डरिंगच्या रसायनाचे) पिवळट डाग किंवा वाकलेला बोर्ड दिसला तर सोडून द्या.

ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय५ स्वस्तात मिळतोय. त्यात कार्ड टाकून चालेल का?
– पारोळा

जुन्या गेमसाठी चालेल. आधी डबा उघडून बघा. चपटा डबा असेल तर निम्म्या उंचीचंच कार्ड बसतं. एसएमपीएस कंपनीच्या खास आकाराचा असतो, त्यात कार्डासाठी वेगळी पिन नसते. म्हणून फक्त स्लॉटवरून ७५ वॉट घेणारं कार्ड, जसं पिन नसलेलं १६५०, एवढीच मजल. विंडोज ११ या पिढीला अधिकृतपणे चालत नाही. साठवलेले पैसे सगळे यात घालू नका.

सगळे भाग स्वतः जोडले. फॅन फिरतात, पण डिस्प्ले नाही.
– नंदुरबार

या क्रमाने बघा. मॉनिटरची वायर कार्डात आहे की बोर्डात? कार्ड असेल तर ती कार्डातच हवी. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिन लावली का? कार्डाची ८ पिन तिथे लावू नका, दोन्ही दिसायला सारख्या असतात पण वायरिंग उलटं असतं. मग रॅम काढून एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. तरीही नाही तर बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत लावा. शेवटी बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालू करा. तिथे चालला तर कॅबिनेटमध्ये एखादा जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो खुंटा) बोर्डाच्या मागे टेकतोय.

नवा मॉनिटर ७५ किंवा १०० हर्ट्झचा असला तरी विंडोज त्याला बहुधा ६०वरच ठेवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदला.

पोऱ्या रोज तीन तास खेळेल म्हणतो. लाईट बिल किती वाढेल?
– एक वडील, शहादा

दादा, हिशोब सोपा आहे. कार्ड नसलेलं ५६००जीचं मशीन मॉनिटरसकट खेळताना साधारण १२० वॉट घेतं. तीन तास, तीस दिवस : महिन्याला ११ युनिट. आरएक्स ६६००सारखं कार्ड असेल तर २६० वॉट, म्हणजे २३-२४ युनिट. तुमचं बिल ९० युनिटांच्या आसपास येत असेल तर मात्र लक्ष ठेवा, १००च्या पुढच्या युनिटांचा दर वरच्या पायरीचा लागतो. खेळून झाल्यावर मशीन शटडाऊन करून यूपीएसचंही बटण बंद करायला लावा, तोही रात्रभर थोडी थोडी वीज खातच असतो.